ग्वालियरच्या थंडीत पहिली इलेक्ट्रिक गाडी: घ्यायच्या आधी काय काय बघायचं

ग्वालियरचा व्यापार मेला, जिथे गाड्याही विकल्या जातात, तो लागला की आपल्याकडे घराघरांत गाडीचा विषय निघतोच, आणि आता त्यात इलेक्ट्रिक घ्यावी का हा नवीन फाटा फुटलाय. थंडीत बंद पडते म्हणे, हीटर लावला की रेंज (एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर) अर्धी होते म्हणे, कोहऱ्यात, म्हणजे दाट धुक्यात, हायवेवर अडकलो तर काय करायचं, हे प्रश्न मला लश्करपासून मुरारपर्यंत सगळे विचारतात, कारण आमच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे आणि भर जानेवारीत ती रोज रस्त्यावर असते. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढतेय, पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी. माझं सांगणं मुख्य दोनच गोष्टींचं आहे. ब्रोशरवरच्या रेंजवर गाडी ठरवू नका, जानेवारीत सकाळी सात वाजता ती किती जाईल त्यावर ठरवा. आणि गाडी बुक करायच्या आधी घरचा प्लग पक्का करा, उलटं नको.

आधी थंडीचं खरं-खोटं

बॅटरीच्या आत लिथियमचे आयन इकडून तिकडे सरकतात तेव्हा आपल्याला करंट मिळतो. थंडीत आतलं द्रावण घट्ट होत जातं, डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी तेल लवकर येत नाही तसंच काहीसं, आणि मग आयनांची ये-जा मंदावते. म्हणजे वीज आत असते पण पूर्ण जोराने बाहेर येत नाही, आणि चार्जिंग करताना आतही जोरात जात नाही. शून्याच्या खाली जबरदस्तीने फास्ट चार्ज केलं तर आत लिथियम धातूचा थर साचू शकतो आणि ते नुकसान कायमचं असतं, म्हणून गाडीचा कंप्युटर स्वतःच चार्जिंग हळू करतो. लोक याला बिघाड समजतात, पण ती बॅटरी जपायचीच व्यवस्था आहे.

दुसरा भाग हीटरचा, आणि आपल्या गावात खरा फरक यानेच पडतो. पेट्रोलच्या इंजिनात बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते आणि तीच फुकटची गरमी आपण हीटरमधून घेतो. इलेक्ट्रिक मोटर फारसं वायाच घालवत नाही, त्यामुळे गाडी आतून गरम करायची तर वीज बॅटरीतूनच काढावी लागते.

आता प्रमाण बघा. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, आणि तिथे महिनोन्‌महिने बर्फ असतो. तिथल्या ऑटोमोबाइल संघटनेने २०२० च्या हिवाळ्यात बऱ्याच गाड्या एकत्र चालवून बघितल्या तेव्हा कंपनीच्या आकड्यापेक्षा रेंज सरासरी १८.५ टक्के कमी भरली. आपल्याकडे पहाटे तीन-चार-पाच डिग्री होतं, कोहरा असेल तर दिवसभर ऊन नाही, पण नॉर्वेसारखं उणे पंधरा होत नाही. त्यामुळे थंडीचा म्हणून जो फटका आहे तो मी दहा ते वीस टक्के धरते, छोट्या छोट्या फेऱ्या असतील तर थोडा जास्त. गाडी बंद वगैरे काही पडत नाही, उलट पेट्रोल गाडीला सकाळी जे घर्र घर्र करत उठावं लागतं तेही हिला नसतं.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. थंडीतली घट तात्पुरती असते, मार्च आला की रेंज परत येते. बॅटरी कायमची म्हातारी होते ती आपल्या मे-जूनमध्ये, ४५-४६ डिग्रीत, शंभर टक्के भरून दिवसभर उन्हात उभी ठेवली की. म्हणून ग्वालियरकराने थंडीचा विचार करता करता उन्हाळ्याकडेही एक डोळा ठेवायलाच हवा, त्याबद्दल पुढे सांगतेच.

पहिली पायरी: आपण खरंच किती चालवतो ते लिहा

एक आठवडा ओडोमीटर बघा, बस. लश्करातून सिटी सेंटर, तिथून मुरार, येताना बाड्यावर काही काम, असं सगळं धरूनही बहुतेक घरांचं रोजचं चालवणं तीस-चाळीस किलोमीटरच्या वर जात नाही. मग बाहेरगावचं लिहा, झाशी साधारण शंभर किलोमीटर, आग्रा एकशेवीस, शिवपुरी एकशेवीसच्या आत, दिल्ली सव्वातीनशेच्या वर. यातलं वर्षातून किती वेळा आणि थंडीत किती वेळा, कारण लग्नसराई नेमकी थंडीतच असते आणि तेव्हाच गाडी पाच माणसं आणि बॅगांनी भरलेली असते. हा कागद हातात असल्याशिवाय शोरूमला जाऊच नका, नाहीतर सेल्समन तुमच्यासाठी बॅटरी ठरवेल.

दुसरी पायरी: घरचा पॉइंट (याला सगळ्यात जास्त वेळ द्या)

मी याच्यावर लांबण लावणार आहे कारण थंडीत इलेक्ट्रिक गाडी सुखाची होते की डोक्याला ताप, ते नव्वद टक्के इथेच ठरतं.

दोन प्रकार आहेत. एक, आपला साधा १५-१६ अँपियरचा पॉवर प्लग, गीझरचा असतो तसा, त्यातून तासाला साधारण तीन युनिट (आपल्या वीजबिलावरचीच) जातात. दुसरा ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर, सिंगल फेज ३२ अँपियर, त्यातून तासाला सात युनिट. ४५ युनिटची बॅटरी साध्या प्लगवर रिकामीची पूर्ण भरायला पंधरा-सोळा तास किंवा जरा जास्तच लागतात, चार्जरवर साडेसहा-सात. पण रोज तीस-चाळीस किलोमीटरच जायचं असेल तर रोज पाच-सहा युनिटच भरायची असतात, म्हणजे साध्या प्लगवरही दोन-अडीच तास. त्यामुळे घाबरून लगेच मोठा चार्जर घ्यायलाच हवा असं नाही.

अर्थिंग मात्र हवंच हवं. लश्करातल्या जुन्या वाड्यांतून, फाळका बाजार, जीवाजीगंज, दौलतगंजकडे, वायरिंग कधीचं आहे कोणालाच माहीत नसतं, आणि अर्थचा पिन भिंतीत नुसता शोभेला असतो. टीव्ही, फ्रिज तसेच चालतात म्हणून कळत नाही, पण गाडीचा चार्जर अर्थ तपासतो आणि नीट नसेल तर लाल दिवा लावून सरळ नाही म्हणतो. आमच्याकडे इलेक्ट्रिशियन आला तेव्हा त्याने मीटर काढून न्यूट्रल आणि अर्थच्या मधला व्होल्टेज मोजला, तो जवळजवळ तीस दाखवत होता, दोन-तीनच्या आत हवा. मग अंगणात नवीन अर्थिंगचा खड्डा केला, तांब्याची पट्टी वर आणली, तेव्हा कुठे आकडा खाली आला आणि चार्जरचा दिवा हिरवा झाला. गाडी दारात येऊन उभी राहिल्यावर हे कळलं असतं तर तोवर वाट बघत बसावं लागलं असतं, म्हणून म्हणते आधी मोजून घ्या.

इलेक्ट्रिशियनला काय सांगायचं तेही लिहून देते. मीटरपासून थेट वेगळी लाइन, मधे कुठलाही जोड नको, घरातल्या बोर्डातून ओढलेली नको. साध्या प्लगसाठी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, ७.२ च्या चार्जरसाठी ६ ची, अंतर जास्त असेल तर त्याहून जाड. स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की लाइन बंद करणारं बटण) आणि ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारी). सॉकेट चांगल्या कंपनीचं औद्योगिक दर्जाचं, कारण तासन्‌तास पूर्ण लोड ओढल्यावर स्वस्तातलं सॉकेट काळं पडतं. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही, "आजच्या दिवस चालेल" असं म्हणूनसुद्धा नाही.

मग लोडचा विषय. बऱ्याच घरांचा मंजूर लोड दोन-तीन किलोवॅटच असतो आणि थंडीत आधीच गीझर, रूम हीटर, पाण्याची मोटर सगळं सकाळी सहा ते आठमध्ये एकदम चालू होतं. त्यात गाडी लावली की एमसीबी पडणारच. लोड वाढवायला मध्य क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे अर्ज करायचा, त्यांच्या उपाय अॅपवरूनही करता येतो, थोडे पैसे भरावे लागतात आणि फिक्स्ड चार्ज वाढतो, पण करून टाका. ईव्ही चार्जिंगसाठी वेगळं मीटर आणि वेगळा दर असाही पर्याय असतो, तुमचा वापर जास्त असेल तर कंपनीच्या ऑफिसात दोन्हीचा हिशोब मांडून घ्या.

मल्टीत राहत असाल, म्हणजे सिटी सेंटर, सिरोल रोड, थाटीपूरकडच्या नव्या बिल्डिंगांत, तर आधी सोसायटीशी बोला. केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मालकाला आपल्या घरच्या चालू कनेक्शनवरूनच गाडी चार्ज करता येते, हे सेक्रेटरीसाहेबांना नम्रपणे सांगा आणि तुमच्या मीटरपासून तुमच्या पार्किंगपर्यंत वायर कुठून जाईल त्याचं साधं चित्र काढूनच मीटिंगला जा. चित्र असलं की विरोध कमी होतो, हा माझा अनुभव आहे. पार्किंग ठरलेलं नसेल आणि जवळपास प्लगची काहीच सोय नसेल तर मी मनापासून सांगते, सध्या थांबा. रोज बाहेरच्या चार्जरवर भरत बसणं थंडीत फार कंटाळवाणं आहे, आणि घरी जे युनिट साधारण सात-आठ रुपयाला पडतं ते बाहेर फास्ट चार्जरवर अठरा ते पंचवीसच्या मधे कुठेतरी जातं, म्हणजे बचत पण गेली.

तिसरी पायरी: बॅटरी किती मोठी

हा हिशोब पाठ करून ठेवा, कोणत्याही गाडीला लागू होतो. एक किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या बिलावरचं एक युनिट. टाटाची ४५ युनिटची नेक्सॉन घ्या, कंपनीचा चाचणीतला आकडा ४८९ किलोमीटर आहे. आता जानेवारीत हायवेवर नव्वद-शंभरच्या स्पीडने, माणसं भरून, हीटर लावून जाताय, तर अशी गाडी किलोमीटरला साधारण ०.१६ युनिट खाईल. आणि आपण शंभरपासून शून्यापर्यंत कधीच चालवत नाही, ९० वरून निघून १० वर चार्जिंगला थांबतो, म्हणजे हातात ३६ युनिट. छत्तीस भागिले ०.१६, सव्वादोनशे किलोमीटर. झालं, तुमच्यासाठी गाडीची रेंज सव्वादोनशे, चारशे एकोणनव्वद विसरून जा.

यावरून लगेच कळतं की झाशीला जाऊन येणं न थांबता होतं, आग्र्याला जाऊन येताना एकदा थांबावं लागेल, आणि दिल्लीला जाताना मथुरेच्या अलीकडे-पलीकडे एक स्टॉप. तुमच्या कागदावर बाहेरगावचं जवळजवळ काही नसेल आणि घरात दुसरी पेट्रोल किंवा सीएनजीची गाडी असेल तर २४-२५ युनिटची छोटी गाडीसुद्धा शहरात छान चालते, उगाच मोठ्या बॅटरीचे पैसे कशाला. पण घरात एकच गाडी असणार असेल तर ग्वालियरच्या थंडीसाठी मी ३८-४० च्या खाली जायला सांगणार नाही.

छोट्या फेऱ्यांचा एक गोंधळ आधीच सांगते, नाहीतर पहिल्या डिसेंबरात तुम्ही घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन कराल. पाच किलोमीटरच्या फेरीत गाडी चालायला पाऊण युनिट लागतं, आणि थंडगार केबिन गरम करायला हीटर पहिली काही मिनिटं तीन किलोवॅट किंवा त्याहून जास्त ओढतो, म्हणजे त्यातच आणखी अर्धा युनिट. मग स्क्रीनवर रेंज एकदम निम्मी दिसायला लागते. प्रत्यक्षात गेलेत दहा रुपये! लांबच्या प्रवासात केबिन एकदा गरम झालं की हीटर एक-दीड किलोवॅटवर येतो, दोन तासांत अडीच-तीन युनिट, म्हणजे ४५ च्या बॅटरीत सहा टक्के वगैरे. त्यामुळे ज्यांच्या फेऱ्या लहान त्यांची टक्केवारी वाईट दिसते पण त्यांना रेंजची काळजीच नसते, आणि ज्यांना रेंज लागते त्यांना हीटर फार महाग पडत नाही.

चौथी पायरी: कुठली बॅटरी, आणि ती गार-गरम कशी राहते

दोन प्रकार सध्या भारतात मिळतात, एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) आणि एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट). टाटाच्या नेक्सॉनमध्ये, महिंद्राच्या बीई ६ मध्ये, एमजीच्या विंडसरमध्ये एलएफपी आहे, ह्युंदाईच्या क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये एनएमसी. एलएफपी थंडीत जरा जास्त सुस्तावते, चार्जिंग हळू घेते, पण उष्णता चांगली सोसते, आयुष्य जास्त, आणि आग लागण्याच्या दृष्टीने जास्त सुरक्षित. एनएमसी थंडीत बरी, वजनाने हलकी. आपल्याकडे गारठा दीड-दोन महिने आणि भट्टी चार महिने, म्हणून ग्वालियरसाठी मला एलएफपी जास्त पटते, थंडीत दहा मिनिटं जास्त चार्जिंगला लागली तरी चालतील. एलएफपीला अधूनमधून शंभर टक्के भरावं लागतं, नाहीतर टक्क्यांचा अंदाज चुकायला लागतो. एनएमसी रोज ८० पर्यंतच भरा.

याच्याहून महत्त्वाचं, बॅटरीला लिक्विड कूलिंग, म्हणजे द्रव फिरवून ती गार ठेवायची सोय, आहे का ते विचारा. विचारून थांबू नका, स्पेसिफिकेशनच्या कागदावर दाखवा म्हणा. आणि थंडीत बॅटरी स्वतः गरम करायची सोय आहे का, हेही. आपल्या गावात तिच्यावाचून अडत नाही, पण वर हिमाचलात वगैरे डिसेंबरात जायची हौस असेल तर लागेल.

पाचवी पायरी: हीटर आणि काच

बहुतेक गाड्यांत पीटीसी हीटर असतो, म्हणजे आपल्या रूम हीटरचाच भाऊ, एक युनिट घेतो आणि एक युनिटभर गरमी देतो. काही महागड्या गाड्यांत हीट पंप असतो, तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो आणि पाच-दहा डिग्रीला एका युनिटमध्ये दोन-तीन युनिटभर गरमी देऊ शकतो. कोणाची लेक किंवा मुलगा कॅनडात, जर्मनीत पहिली गाडी घेत असेल तर त्यांना सांगा, हीट पंप असलेलीच घ्या. ग्वालियरसाठी नुसत्या हीट पंपापायी दोन लाख जास्त मोजू नका, आपली थंडी तेवढी लांबत नाही.

पण पीटीसी हीटरचं एक सुख फार मोठं आहे. इंजिन तापायची वाट बघावी लागत नाही, दोन मिनिटांत गरम हवा येते. अॅपवरून आधीच चालू करता येतो, गाडी प्लगला लावलेली असली की ती वीज मुख्यतः घरातून जाते, बॅटरीतून नाही, आणि धूर नसल्यामुळे बंद गॅरेजमध्येही चालू ठेवता येतो, जे पेट्रोल गाडीत जीवावर बेतू शकतं. घरात आजी-आजोबा असतील आणि त्यांना सकाळी डॉक्टरकडे न्यायचं असेल तेव्हा याची किंमत कळते.

मागच्या सीटवर बसून बघा, पायाशी गरम हवा येते का. पुढे ड्रायव्हर घामाघूम आणि मागे आजी शालीत गुरफटलेली, अशा गाड्या आहेत.

आता काच. कोहऱ्यात आतून काचेवर वाफ धरते आणि ती काढायला हीटर आणि एसी दोन्ही लागतात, एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर काच गरम करतो, आणि हवा बाहेरची घ्यायची, आतलीच फिरवायची नाही. रेंज वाचवायची म्हणून लोक नेमकं हेच बंद करतात आणि हाताने काच पुसत पडावच्या पुलावरून जातात. कृपा करून असं करू नका. रेंज वाचवायची असेल तर स्पीड कमी करा, शंभरचे ऐंशी केले तर हीटर बंद करून वाचते त्याहून कितीतरी जास्त वाचते, आणि कोहऱ्यात ते तसंही करायलाच हवं. तुम्ही घेताय त्या व्हेरिएंटला फॉग लॅम्प आहेत का बघा, नसतील तर वरचा व्हेरिएंट घ्या, सनरूफसाठी नाही पण यासाठी जरूर घ्या.

सहावी पायरी: मेल्यातली टेस्ट ड्राइव्ह

आपला व्यापार मेला १९०५ पासूनचा, आणि तो भरतो डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीची परीक्षा घ्यायला याहून चांगला मोसम नाही. सेल्समन दुपारी दोन वाजता ऊन असताना बोलावतो, तुम्ही सकाळी सात सांगा. आणि रात्रभर बाहेर उभी असलेली गाडी हवी, हेही सांगा.

बसल्यावर ट्रिप मीटर शून्य करा, हीटर २३-२४ वर ठेवा, घरचे सगळे बसवा, आणि वीस-पंचवीस किलोमीटर तरी चालवा, थोडं गावात आणि थोडं बायपासला. शेवटी स्क्रीनवर शंभर किलोमीटरला किती युनिट ते बघून फोटो काढा. हा तुमचा खरा आकडा, वरच्या हिशोबात ०.१६ च्या जागी हाच टाकायचा. पहिली काही मिनिटं ब्रेक न दाबता गाडी जी आपोआप हळू होते ती थंड बॅटरीत कमी होते, कारण थंड बॅटरी परत येणारी वीज पटकन घेत नाही. म्हणजे पाय ब्रेकजवळ ठेवायची सवय हवी, आधी उन्हाळ्यात चालवून बघितली असेल तर हा फरक लगेच जाणवतो.

सातवी पायरी: पैशाचं, भरभर

इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के. मेल्यात गाड्यांच्या रोड टॅक्सवर ५० टक्के सूट बऱ्याच वर्षांत मिळालीय, पण त्याचा सरकारी आदेश दरवर्षी वेगळा निघतो, तो निघेपर्यंत नुसत्या तोंडी भरवशावर बुकिंग करू नका. आणि इलेक्ट्रिकला टॅक्सचं गणित मुळातच वेगळं असतं, तेव्हा कोटेशनमध्ये टॅक्सची ओळ सुटी लिहून घ्या, मेल्यातली आणि मेल्याबाहेरची, आणि फरक बघा. पेट्रोल गाडीवर जेवढे वाचतात तेवढे इथे वाचतीलच असं नाही. कर्जाच्या व्याजावर ८०ईईबीची इन्कम टॅक्स सूट मिळेल असं कोणी म्हणालं तर ती फक्त ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना होती.

बॅटरीची वॉरंटी सर्वसाधारणपणे ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. काही कंपन्या पहिल्या मालकाला त्याहून कितीतरी जास्त देतात, पण गाडी विकली की दुसऱ्या मालकाला कमी, ते बारीक अक्षरात असतं. बॅटरी भाड्याने अशीही स्कीम आहे, गाडी स्वस्त दिसते आणि किलोमीटरमागे भाडं, त्यात महिन्याला किमान किती किलोमीटरचं बिल लागणारच ते वाचा, कमी चालवणाऱ्याला ती परवडत नाही. थर्ड पार्टी इन्शुरन्सला इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट असते. झिरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापणारी पॉलिसी) घ्या, आणि घरचा चार्जर आणि पाणी शिरल्यावरची बॅटरी पॉलिसीत आहे का विचारा.

आठवी पायरी: थंडीत चालवायचं कसं

संध्याकाळी घरी आलात की बॅटरी चालून गरम असते, तेव्हाच किंवा टायमर लावून मध्यरात्रीनंतर चार्ज करा. सगळ्यात उत्तम म्हणजे चार्जिंग पहाटे पाच-साडेपाचला संपेल असा टायमर, गीझर चालू व्हायच्या आधी काम झालं आणि बॅटरी पण निघताना अगदी गार नसते. रात्रभर थंडीत ठेवून सकाळी उठून थेट फास्ट चार्जरवर जाणं हा सगळ्यात वाईट क्रम, तिथे गाडी रांगेत उभी राहून अगदी हळू भरते. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत शिकागोला कडाक्याच्या थंडीत चार्जिंग स्टेशनांवर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, त्यात हेच झालं होतं, बॅटरी जवळजवळ रिकामी आणि आतून गारठलेली. हायवेवर दोन तास चालवून मग चार्जरला लावली तर बॅटरी आपोआप गरम असते आणि १० ते ८० टक्के तासाभरात, काही गाड्यांत त्याहूनही लवकर होतं.

लांब निघताना चार्जरचा पत्ता एकाच्या जागी दोन ठेवा. टाटा पॉवर, स्टॅटिक, जिओ-बीपी यांची अॅप आधीच फोनवर घेऊन पैसे भरून ठेवा, थंडीत रात्री चार्जरसमोर उभं राहून ओटीपीची वाट बघण्यात मजा नाही. निघायच्या आधी अॅपमध्ये बघा की तिथे शेवटचं चार्जिंग कोणी कधी केलंय, आजच केलं असेल तर चालू आहे. आमच्या वाटेवरचा एक चार्जर कागदोपत्री कायम चालू दाखवतो आणि गेलं की बंद, म्हणून सांगते. पंधरा-वीस टक्के उरले की थांबा, पाचवर जाईपर्यंत ताणू नका.

आणि ते कोहऱ्यात अडकायचं. समजा मुरैन्याच्या पुढे ट्रक आडवा झाला आणि रात्रभर ट्रॅफिक जाम. ४५ च्या बॅटरीत निम्मं चार्ज असेल तर बावीस युनिट, हीटर तासाला एक-दीड युनिट, म्हणजे चौदा-पंधरा तास तरी गरम बसता येतं, उभ्या गाडीत मोटर काही खात नाही. पांघरूण, पाणी आणि गुळपोळ्यांचा डबा सोबत असला की झालं.

टायरची हवा थंडीत पाच-सहा डिग्रीमागे साधारण एक पीएसआय उतरते, ऑक्टोबरात भरलेली जानेवारीत कमी असतेच, सकाळी गार टायरवर तपासून घ्या, रेंजवर सरळ फरक पडतो. शिवाय गाडीत एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी पण असते, दरवाजे, स्क्रीन, लॉक सगळं तिच्यावर. मोठी बॅटरी भरलेली आणि गाडी उघडतच नाही असं झालं तर दोष बहुतेक वेळा हिचाच. तीन-चार वर्षांनी थंडी सुरू व्हायच्या आधी तपासून घ्या.

नववी पायरी: डिलिव्हरी घेताना

जानेवारीत डीलरकडे गेल्या वर्षीचा माल पडलेला असतो, चेसिस नंबरवरून बनवल्याचा महिना काढून मागा आणि जुनी असेल तर भाव कमी करून घ्या. ती गाडी किती दिवस उभी होती आणि किती टक्के चार्जवर, हेही विचारा. बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट स्कॅनरवर काढून द्या म्हणा, नवीन गाडीचा पण. सेकंडहँड घेत असाल तर या रिपोर्टाशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

अॅप तुमच्याच मोबाइल नंबरवर रजिस्टर करून घ्या, डीलरच्या माणसाच्या नंबरवर राहिलं तर सकाळी हीटर त्याच्या हातात. सोबतची चार्जिंग केबल तिथेच लावून पंधरा मिनिटं चार्ज करून बघा. फास्ट चार्जिंगचं तोंड सीसीएस २ (फास्ट चार्जरच्या प्लगचा प्रकार) आहे ना ते झाकण उघडून डोळ्यांनी बघा. नंबर प्लेट हिरवी आणि अक्षरं पांढरी, खासगी गाडीला पिवळी नाहीत. गाडी घरी आली की पहिल्या रात्री सॉकेटला अर्ध्या तासाने हात लावून बघा, कोमट ठीक, पण चटका बसत असेल तर बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तोवर त्यावर चार्ज करू नका.